चपला येथे

शांतवन रणपिसेने नोकरीच्या पहिल्या दिवशी आपल्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा आत चपलांचे एकतीस जोड होते. टेबलाखाली चौदा, खिडकीत सहा, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाकावर दहा, आणि एक कोल्हापुरी जोड त्याच्या स्वतःच्या खुर्चीवर. कोल्हापुरीचा मालक स्वच्छतेचा भोक्ता असावा, कारण त्याने खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं.

शांतवन बाहेर आला आणि त्याने पाटी वाचली. मजकूर आदल्या आठवड्यात त्यानेच कागदावर लिहून दिला होता : ‘चॅप्लेन येथे. आत या. मन मोकळे करा.’ पाटी सुरेख झाली होती. निळ्यावर पांढरी, ठसठशीत, काना-मात्रा जागच्या जागी. तिच्यावर लिहिलं होतं : ‘चपला येथे. आत या. पाय मोकळे करा.’

आता चॅप्लेन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ओशाळायचं कारण नाही. कसब्यातल्या गोदूताई धर्मादाय रुग्णालयाच्या एकशे चाळीस कर्मचाऱ्यांपैकी एकशे एकोणचाळीस जणांना ते ठाऊक नव्हतं. उरलेला एक म्हणजे शांतवन. आणि कर्मचारी नसलेल्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई ट्रस्टच्या अध्यक्ष. वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे अमेरिकेला गेल्या, तिथल्या गुळगुळीत बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून पाच आठवडे इस्पितळात राहिल्या. तिथे रोज दुपारी एक उंच माणूस यायचा आणि खुर्ची ओढून बसायचा. औषध द्यायचा नाही, सुई टोचायचा नाही, देवाधर्माचं प्रवचनही करायचा नाही. नुसता ऐकायचा. द्वारकाबाईंचं इंग्रजी चौथ्या दिवशी संपलं, तेव्हा उरलेलं त्यांनी मराठीत सांगितलं. थोरल्या जावेने भर पंगतीत केलेला अपमान त्यांनी तपशीलवार ऐकवला. त्याला एक शब्द कळला नाही, पण नेमक्या जागी त्याने मान हलवली. पन्नास वर्षांत त्या प्रकरणात त्यांच्या बाजूने हललेली ती पहिली मान होती. ‘तुम्ही कोण?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, मी इथला चॅप्लेन. धर्मशास्त्र शिकलो आणि या कामाला आलो. द्वारकाबाई पुण्याला परतल्या त्या वॉकर आणि ठराव घेऊनच.

जाहिरातीला अर्ज एकच आला. शांतवनचा.

शांतवनने धर्मशास्त्राची पदवी घेतली होती. या पदवीला बी.डी. म्हणतात आणि तिथूनच त्याच्या अडचणी सुरू होत. लोणी काळभोरला, जिथे त्याला मामाने वाढवलं, तिथे शेजाऱ्यांनी विचारलं, “पोरगं काय करतंय?” मामा अभिमानाने म्हणाला, “बी.डी.” शेजारी म्हणाले, “आमचा बी ओढायचा. सुटंल हळूहळू.” बरोबर शिकलेल्या मुलांपैकी चौघे चर्चमध्ये पाळक झाले, एक हिंजवडीच्या कॉल सेंटरात गेला, आणि एकाने विम्याची एजन्सी घेतली, मरणाचा विषय दोन्हीकडे असल्यामुळे त्याला फार जड गेलं नाही. शांतवनला व्यासपीठावर उभं राहिलं की घाम फुटे. बसून ऐकायचं म्हटलं तर मात्र तो दिवसभर बसे. दक्षिणेतल्या एका रुग्णालयात वर्षभर त्याने नेमकं तेच काम शिकून घेतलं होतं.

मामाला हे पटलेलं नव्हतं. मामाची पोल्ट्री होती.

“तीन महिनं देतो तुला,” मामा म्हणाला होता. “पक्कं झालं तर ठीक हाय. न्हाई झालं तर गुमान शेडवर यायचं. पाळक व्हायचं शिकलास न्हवं? मंग पाळ. साडेतीन हजार हायेत. आन् एकबी उलटून बोलत न्हाई.”

मामाचं प्रेम होतं, यात शंका नाही. पण शांतवन हा लहानपणी एका कोंबड्याचा मार खाल्लेला माणूस होता. त्या शेडचा नुसता वास आला तरी त्याची पोटरी आजही आपोआप मागे सरे. थोडक्यात, तीन महिन्यांत ही नोकरी पक्की होणं त्याच्या दृष्टीने अत्यंत निकडीचं होतं.

आणि ती पक्की होणार की नाही, हे रुग्णालयाचे व्यवस्थापक दत्तप्रसाद यांच्या अहवालावर ठरणार होतं. दत्तप्रसाद कमी बोलत, आणि जे बोलत त्याला टोक काढलेलं असे.

“म्हणजे आपण नक्की काय करणार?” त्यांनी मुलाखतीत विचारलं होतं.

“पेशंटजवळ बसणार. नातेवाइकांजवळ बसणार. ऐकणार.”

“बसायला माणसं आहेत आमच्याकडे. रेकॉर्ड विभाग बावीस वर्षं बसलेलाच आहे.”

मग त्यांनी एक जाडजूड नोंदवही पुढे सरकवली. भेटायला येणाऱ्याचं नाव, वेळ, अभिप्राय, सही. “ज्याची सही, ती भेट. सही नाही, तर भेट झाली नाही. तीन महिन्यांनी मोजू.”

तर हे असं होतं, आणि पहिल्याच दिवशी खोलीत चपला होत्या.

शांतवन पाटीकडे बघत उभा असताना एक बाई लगबगीने आल्या. हातात नवी कोरी चप्पल, डोळे रडून सुजलेले. या नंदाताई मेश्राम. यवतमाळकडच्या, लेकीच्या नोकरीमुळे पुण्यात आलेल्या. त्यांचे यजमान भीमराव आदल्या रात्रीपासून समोरच्या आयसीयूत होते.

“भाऊ, हे ठेवा जी. नवीन आहे. मागच्या खेपेला दवाखान्यातून बिनचपलेची घरी गेली मी.”

“ताई, मी चपलांचा नाही. मी चॅप्लेन आहे.”

“तेच म्हणून राहिली ना मी. चप्पल लेन. ठेवा ना मग लाइनीत.”

“नाही, चॅप्... लेन.”

“हो जी, चप्... लेन. घ्या,” असं म्हणून नंदाताईंनी चप्पल त्याच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. रडणाऱ्या माणसाशी उच्चारावरून वाद घालू नये, एवढं धर्मशास्त्र त्याला येत होतं. त्याने चप्पल टेबलावर ठेवली.

दुपारी तो पाटी रंगवणाऱ्या कोंडीराम पेंटरकडे गेला. दुकान तिथून तिसऱ्या बोळात होतं. कोंडीराम एका शिकवणी वर्गाच्या पाटीवर वेलांटी देत होते. वेलांटी पुरी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी खिळ्याला लावलेला शांतवनचा कागद काढला.

“हे काय लिहिलंय तुम्ही?”

“चॅप्लेन.”

“हा शब्द आहे?”

“आहे.”

“मराठीत?”

शांतवन ओल्या वेलांटीकडे बघू लागला.

“मी विचार केला,” कोंडीराम म्हणाले, “पाटी लागणार आयसीयूच्या समोर. तिथे लोक काय काढतात? चपला. म्हणजे लिहिणाऱ्याला चप्पल लिहायचं होतं, घाईत वर चंद्र उगवला. पुढे लेन. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ते शुद्ध करून ‘चपला येथे’ केलं.”

“आणि ‘मन मोकळे करा’?”

“आता तुम्हीच सांगा. चपला काढल्या तर काय मोकळं होतं? मन का पाय? तुमचं वाक्यच चुकलेलं होतं. चाळीस वर्षांत माझ्या पाटीत चूक निघालेली नाही. गिऱ्हाइकाच्या मजकुरात निघते, ती मी काढतो. लेखी हुकूम आणा, लगेच बदलून देतो.”

लेखी हुकमासाठी शांतवन दत्तप्रसादांकडे गेला.

“पाटी बदलायची तर अर्ज करा,” दत्तप्रसाद म्हणाले. “विश्वस्तांच्या बैठकीत ठेवू. बैठक तीन महिन्यांनी.”

“सर, पण तोपर्यंत लोक चपला आणून ठेवतील.”

“ठेवू देत. आयसीयूच्या दारातून गेल्या वर्षी तेवीस जोड चोरीला गेले. त्याबद्दल तक्रारवहीत माझ्याविषयी जे लिहिलंय, ते माझ्या आईने वाचू नये अशी माझी इच्छा आहे. तुम्ही बसणारच आहात ना? मग चपलांजवळ बसा.”

अशा रीतीने धर्मशास्त्राचा पदवीधर चपलांजवळ बसला.

दुसऱ्या दिवशी दोन गृहस्थांची एकसारख्या काळ्या सँडलवरून जुंपली, तेव्हा शांतवनने सलाइनच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून टोकनं केली. टोकनं आली म्हणून फळ्या आल्या. फळ्या आल्या म्हणून लोकांना विश्वास वाटू लागला, आणि विश्वास वाटू लागला की पुणेकर काय ठेवतील याचा नेम नाही. हेल्मेटं आली, छत्र्या आल्या, कुकर आला. एका गृहस्थाने सासूबाईंना बाकावर बसवलं आणि टोकन मागितलं. पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणींचे नातेवाईक, ज्यांना चपला काढायची काही गरज नव्हती, तेही दुसऱ्या मजल्यावर येऊन चपला ठेवून जाऊ लागले. चोऱ्या थांबल्या. दत्तप्रसादांनी खूश होऊन फळ्यांवर स्वतःच्या सहीची सूचना चिकटवली : ‘टोकन दिल्याशिवाय चप्पल मिळणार नाही. कोणीही असो.’

नोंदवही मात्र कोरी होती.

शांतवनने प्रयत्न केला नाही असं नाही. “काका, इथे एक सही कराल का?” असं त्याने एका सदाशिव पेठी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, “चप्पल ठेवायला सही? अहो, माझ्या लग्नात इतकी कागदपत्रं नव्हती.” त्यानंतर त्याने कोणाला विचारलं नाही.

पण एक गोष्ट त्याच्या लक्षात येऊ लागली. भेटीची वेळ सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी चार ते पाच. पाच वाजता माणसं आयसीयूतून बाहेर येत, टोकन देत, चप्पल घेत आणि बाकावर बसत. एक चप्पल पायात घालत. दुसरी हातातच राहत असे. आणि मग माणूस बोलायला लागे. का, ते कोणास ठाऊक. दोन्ही चपला पायात असल्या की माणूस निघालेला असतो, आणि दोन्ही काढलेल्या असल्या की तो देवाच्या नाहीतर डॉक्टरांच्या दारात असतो. मधल्या अवस्थेत तो कोणाचाच नसतो, म्हणून खरं बोलत असावा.

नंदाताई अशाच एका संध्याकाळी बोलल्या.

“भाऊ, मी त्यांच्याशी अकरा दिवस बोलली नव्हती जी. टीव्हीच्या रिमोटवरून. त्यांनी बातम्या लावल्या, मी म्हटलं माझी मालिका आहे. ते म्हणाले, तुझ्या मालिकेत दोन वर्षांत एक बाई जिना उतरली नाही. मग मी रिमोटच लपवून ठेवला. तांदळाच्या डब्यात. अन् आता हे असे पडले.”

शांतवन बसला. त्याने मान हलवली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “त्यांना सांगितलंत का, कुठे आहे ते?”

“ऐकू जाते का पण त्यांना?”

“सांगून तर बघा.”

दुसऱ्या दिवशी नंदाताईंनी यजमानांच्या कानात सांगितलं, “रिमोट तांदळात आहे.” भीमराव काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नळी निघाल्यावर त्यांचे पहिले शब्द होते, “जुन्या तांदळात की नव्या?” तांदळाचे डबे घरात दोन होते. नंदाताई हसत-रडत धावत बाहेर आल्या आणि चप्पल न घेताच पेढे आणायला गेल्या. शांतवनला त्या दिवशी इतका आनंद झाला की भाड्याच्या खोलीवर जाताना बसमध्ये तो एकटाच हसत होता आणि शेजारचा प्रवासी उठून पुढे गेला.

हिंजवडीचा साई आला, तो असाच. त्याच्या वडिलांची बायपास झाली होती.

“सर, ॲक्च्युअली एक इश्यू आहे. मी चार महिन्यांपूर्वी जॉब सोडला. बाबांना माहीत नाही. मी रोज डबा घेऊन कंपनीच्या बसस्टॉपवर जातो आणि तिथून बेकरीत. मी ब्रेड शिकतोय, सर.”

“चांगला होतो?”

“मस्त होतो. पण हे त्यांना सांगितलं आणि त्यांना परत काही झालं तर?”

शांतवन ऐकत राहिला. शेवटी साईने स्वतःच ठरवलं की आधी पाव खायला घालायचा आणि मग सांगायचं. जाताना त्याची नजर नोंदवहीवर पडली. सवयीप्रमाणे त्याने ती ओढून घेतली, पाच तारे काढले, ‘व्हेरी स्मूद’ असं लिहिलं आणि सही केली. नोंदवहीतली ती पहिली सही.

दुसऱ्या महिन्यात सत्तावीस नंबरच्या टोकनाचे बूट आले. तपकिरी, नाडीचे, आरशासारखे पॉलिश केलेले. एका दुपारी एक गृहस्थ ते काढून आयसीयूत गेले, बाहेर आले, बाकावर बसले आणि चाळीस मिनिटं बोलले. मग एकदम उठले आणि मोजे घालूनच जिना उतरून गेले. बूट घ्यायला ते परत आलेच नाहीत. ते गृहस्थ कोण, हे शांतवनला अर्थातच माहीत होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी तो बुटांवर फडकं मारी आणि पुन्हा फळीवर ठेवी.

तीन महिने संपले. बैठकीचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी मामाचा फोन येऊन गेला होता : “ह्या रविवारी टेम्पो घिऊन येतो. गादी बांधून ठिव.”

बैठक तळमजल्यावर होती. द्वारकाबाई खुब्यामुळे वर फारशा जात नसत. रुग्णालयाची लिफ्ट चालते की नाही, हा श्रद्धेचा विषय होता. म्हणून पाटीही त्यांनी पाहिलेली नव्हती. दत्तप्रसाद अहवाल घेऊन आले. विजारीला कडक इस्त्री आणि पायांत सँडल. डॉक्टरांनी टाचेला आराम सांगितलाय, असं ते गेला महिनाभर कोणी न विचारता सांगत होते.

“चॅप्लेन या पदाचा अहवाल,” त्यांनी वाचलं. “कामाचे दिवस, अठ्ठ्याहत्तर. नोंदवहीनुसार झालेल्या भेटी, एक. अभिप्राय : व्हेरी स्मूद.”

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. “एकच? अरे शांतवन, तीन महिने तू काय केलंस?”

शांतवनला खोटं बोलता येत नव्हतं. हाही त्या शिक्षणाचा एक तोटा.

“बाई, मी चपला सांभाळल्या.”

“काय सांभाळल्या?”

“चपला. आणि हेल्मेटं. एकदा एक सासूबाई.”

द्वारकाबाईंनी दत्तप्रसादांकडे पाहिलं. दत्तप्रसाद खिडकीतून बाहेर बघत होते.

“मला वर न्या,” द्वारकाबाई म्हणाल्या.

खुर्ची आली. लिफ्ट चालू निघाली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. बाई आधी पाटीसमोर थांबल्या. त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचे ओठ थरथरले, पण ते रागाने की कशाने, हे कोणाला कळलं नाही. आत फळ्या भरलेल्या होत्या. बाकावर नंदाताई आणि भीमराव बसले होते. भीमरावांच्या एका पायात चप्पल होती.

“तुमचं कोण आहे आयसीयूत?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“आता कोणी नाही जी,” नंदाताई म्हणाल्या. “ह्यांची तपासणी खाली असते, तळमजल्यावर.”

“मग चपला इथे कशाला ठेवता?”

नंदाताई जरा लाजल्या. “चपला ठेवल्या की घ्यायला यावंच लागते ना. तेवढंच बसणं होते भाऊपाशी.”

“तुम्ही इथल्या चॅप्लेनला भेटलात का कधी?”

“नाही जी. तो कोण?”

“हा.”

“हा? हा तं आमचा चपलावाला भाऊ आहे.” नंदाताईंनी शांतवनकडे बघितलं. त्याचा पडलेला चेहरा पाहून त्यांना काहीतरी उमगलं. “ह्याला काढून राहिले का तुम्ही? काहून? ह्याच्यापाशी नाही बोलली असती, तं रिमोट अजून तांदळात असता!”

विश्वस्तांना रिमोटचा संदर्भ लागला नाही. पण मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांत चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, “हा गेला तर चपला कुठे ठेवायच्या?” आणखी कोणीतरी हळूच म्हणालं, “आणि बोलायचं कोणाशी?” सदाशिव पेठी आजोबांनी काठी आपटली. “कुठे सही करायची ते दाखवा. पण एकच करीन.”

द्वारकाबाई फळ्यांकडे बघत होत्या. “आणि हे बूट कोणाचे? इतके लखलखीत?”

“सत्तावीस नंबरचे आहेत,” शांतवन म्हणाला.

“अरे, पण कोणाचे?”

“ते सांगता येणार नाही, बाई.”

“मी या संस्थेची अध्यक्ष आहे.”

“हो, बाई. तरी नाही.”

शांतवनच्या डोळ्यांपुढे साडेतीन हजार कोंबड्या उभ्या राहिल्या. हे नाव घेतलं तर नोकरी वाचेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि फळ्यांवरच्या सूचनेकडे पाहिलं.

तेवढ्यात दत्तप्रसाद खाकरले. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, पेनामागून पुठ्ठ्याचा एक मळका तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. टोकन नंबर सत्तावीस.

“माझे आहेत,” ते म्हणाले. “आईला पेसमेकर बसवला तेव्हाचे. दोनच दिवस होती. आता ठणठणीत आहे. काल मला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलली.”

“मग महिनाभर नेले का नाहीत?”

“न्यायला आलो असतो, तर परत बसलो असतो.” दत्तप्रसादांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. “कामं असतात.”

शांतवनने बूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. दत्तप्रसाद बाकावर बसले, एक बूट चढवला आणि दुसरा हातात धरून त्यांनी विश्वस्तांकडे पाहिलं.

“अहवालात एक दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. “भेटींची संख्या दोन.”

द्वारकाबाई इतक्या हसल्या की खुर्ची धरून ठेवावी लागली. नेमणुकीचं पत्र त्याच संध्याकाळी निघालं. पदनामाच्या जागी दत्तप्रसादांनी स्वतः टाइप केलं होतं : ‘चॅप्लेन (चपलांसह)’.

राहता राहिली पाटी. दुसऱ्या दिवशी कोंडीराम पेंटरांना बोलावणं गेलं. ते ब्रश घेऊन आले, पण स्टुलावर चढेनात.

“बाई, लेखी हुकूम आहे, मी बदलतो. पण एक सांगा, जो शब्द वाचून माणूस आत येत नाही, तो पाटीवर हवा कशाला? या पाटीने किती माणसं आत आणली, ते या मुलाला विचारा.”

द्वारकाबाईंनी विचार केला. “ही पाटी राहू दे. पण मनाचं काहीतरी यायला हवं, कोंडीराम. त्यासाठीच तर हे सगळं.”

“पायाखाली एक ओळ बसेल. पण लोकांवर सक्ती नको. पुण्यात सक्ती केली की उलटं होतं,” कोंडीराम म्हणाले. थोडा वेळ त्यांनी पाटीकडे एक डोळा मिटून पाहिलं, आणि स्टुलावर चढून अर्ध्या तासात एक ओळ वाढवली.

रविवारी मामा टेम्पो घेऊन आलाच. नोकरी पक्की झाल्याचं शांतवनने फोनवर सांगितलं होतं, पण मामाचा फोनवर विश्वास नव्हता. दुसरा मजला चढून तो धापा टाकत पाटीसमोर उभा राहिला आणि एकेक अक्षर लावत त्याने मोठ्याने वाचलं :

“चपला येथे. आत या. पाय मोकळे करा. मन ऐच्छिक.”

मग त्याने आत डोकावून फळ्या पाहिल्या, टोकनं पाहिली, बाकावरची माणसं पाहिली. सगळ्यात शेवटी भाच्याकडे पाहिलं.

“शांत्या, एवढं शिकून शेवटी लोकांच्या वहाणा राखतो व्हय रं?”

“हो, मामा.”

“न्हाई, म्हंजी वाईट न्हाई म्हणत मी,” मामा म्हणाला. “जिथं वहाणा काढाय लागत्यात, ती जागा काय साधी नसती.”

त्याने वाकून आपल्या धुळकटलेल्या चपला काढल्या. शांतवनने त्या दोन्ही हातांनी घेतल्या, फळीवर ठेवल्या आणि टोकन दिलं. ते मिळालं तसं मामाने लगेच परत केलं आणि चपला मागून घेतल्या. बाकावर टेकून त्याने एक पायात घातली. दुसरी त्याच्या हातातच राहिली.

“ऐच्छिक म्हंजी काय रं?” चपलेचा अंगठा निरखत मामाने विचारलं.

“म्हणजे वाटलं तर.”

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मामाने तिकडे लक्ष दिलं नाही. शांतवन खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला.

“वाटतंय,” मामा म्हणाला.